अंगणाला किती गुण?



मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही आमच्या गावांच्या गटांमध्ये सुंदर अंगण स्पर्धा ठेवली होती. तुमच्यापैकी काहीजणींनी भागही घेतला होता. गुणपत्रिका आम्हीच तयार केली. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना असेल तर दहा गुण. कडेला तिरप्या विटा दातांसारख्या लावून आळी केली असतील तर दहा. शोभेच्या फुलझाडांना वीस, फरशी किंवा सिमेंट असेल तर पंधरा. रांगोळीला पाच. कागद हातात घेऊन आम्ही घरोघरी फिरलो, चहा प्यालो, गुण दिले, फोटो काढले.

एका घरी आजीबाईंनी आम्हाला बसायला खाट टाकली. अंगण शेणानं सारवलेलं, एका बाजूला बांबूचा मांडव, त्यावर दोडके नि वालाचे वेल, खाली कोंबड्या. कुंपणाला टेकून सरपणाची मोळी. मागं मोहाचं मोठं झाड. आम्ही कागदावर खुणा करत होतो आणि आजी बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या कागदात माह्या मांडवाले जागा कोठं हाय?"

जागा नव्हतीच. आजींना शंभरातले अठरा गुण मिळाले होते.

पहिलं बक्षीस ज्या ताईंना मिळालं, त्यांच्या अंगणाला पिवळ्या-केशरी बारीक फुलांच्या झुडपांचं कुंपण होतं. फार देखणं. आम्ही त्याला वीसपैकी वीस दिले. पुढच्या उन्हाळ्यात चारा संपत आला तेव्हा त्या ताईंच्या शेळ्यांनी छाटलेल्या फांद्या खाल्ल्या. दोन शेळ्या आजारी पडल्या, डोळे पिवळे झाले, उन्हात उभ्या राहीनात, कातडी सोलू लागली. एक गेली. गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी होती, तिचे हप्ते अजून चालू आहेत. ती झुडपं घाणेरीची होती. कोणी टणटणी म्हणतं, कोणी रायमुनिया. जंगलात वाढली की आपण तिला ओळखतो, पण अंगणात रांगेत लावलेली आम्ही ओळखली नाही. ज्या कागदानं तिला पूर्ण गुण दिले, तो कागद आमचा होता.

तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न सुटेना. अंगणाला शोभा कशानं येते हे आपल्याला कोणी शिकवलं? गेरू-चुना, तिरप्या विटा, बारीक फुलांचं कुंपण हे सगळं आलं कुठून? आजचं बोलणं त्याबद्दल आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंगणाचा हा इतिहास थोडा पुस्तकांतून, थोडा कायद्यांतून आणि बराचसा बायांच्या बोलण्यातून जमवला आहे.

आपल्या झाडीपट्टीत घरासमोरची जागा मुळात बघण्यासाठी नव्हती, वापरण्यासाठी होती. धान आलं की ते अंगणात उतरायचं. बांबूच्या तट्ट्याची कोठी अंगणातच विणली जायची, मग शेणामातीनं लिंपून घरात जायची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वाळत पडायची, त्यानंतर चारोळी, मग चिंच फोडायची, मग पावसाळ्यासाठी सरपण. लग्नाचा मांडव तिथंच, बाळंतिणीला ऊन तिथंच, पाहुण्याची खाट तिथंच. उन्हाळ्यातल्या रात्री तर सगळं घरच अंगणात झोपायचं. घर म्हणजे कुडाच्या भिंतींची, कवेलूच्या छपराची एक-दोन खोल्यांची जागा. बाईचा दिवस गेला तो अंगणात. म्हणून ते इतकं साफ असायचं. सकाळी सडा, आठवड्याला सारवण, सणाला पांढऱ्या मातीचा पोतारा. सारवलेल्या जमिनीवर सांडलेला दाणा दिसतो, विंचू दिसतो, सापाची सरपट दिसते. जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला घरासमोर मोकळी, उघडी जागा लागतेच. आज वनविभागाचे लोक गावात येऊन सांगतात की घराजवळची झुडपं काढा, बिबट दडून बसतो. आपल्या पणज्या ते न सांगता करत होत्या, हातात खराटा घेऊन.

आता मांडवाबद्दल. चार-सहा बांबू रोवायचे, वर आडवे-उभे बांबू टाकायचे, त्यावर वेल चढवायचा. पावसाळ्यात दोडका, कारली, हिवाळ्यात वाल. उन्हाळ्यात वेल सुकले की वर पळसाच्या किंवा जांभळाच्या फांद्या टाकायच्या. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६ अंशांच्या वर जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या उन्हात मांडवाखाली बसता येतं, सिमेंटच्या अंगणात रात्री नऊ वाजतासुद्धा पाय ठेववत नाही. मोठ्या शहरांत बागा आखणारे शिकलेले लोक आज वेलींच्या मांडवाचे पुष्कळ पैसे घेतात. आमच्या कागदावर त्याला शून्य होतं.

मांडव आणि कुंपण, दोन्ही बांबूचे. आणि बांबूची गोष्ट लांब आहे.

आपल्याकडे मुख्यतः दोन बांबू: बारीक, भरीव मानवेल आणि जाड, काटेरी कटांग. कुंपणाला मानवेल चिरून विणायचा, खांबाला कटांग. मातीत गाडलेला बांबू दोन-तीन वर्षांत कुजतो, म्हणजे कुंपण हे दर दोन-तीन वर्षांनी नवं करायचं काम. म्हणून प्रत्येक घराला दरसाल थोडा तरी बांबू लागायचाच. तो जंगलातून आणायचा. यात चोरी कसली?

पण चोरी ठरली. १८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा बराचसा भाग, इंग्रजांकडे गेला. पुढं १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्यात आपण आलो. १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा, १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा, आणि १९२७ मध्ये आजही चालू असलेला भारतीय वन अधिनियम. या १९२७ च्या कायद्यात झाड म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत बांबू झाड म्हणून लिहिला गेला. बांबू खरं तर गवत आहे, गव्हा-धानाच्या कुळातलं. आपल्या घरातलं लहान पोरही सांगेल की बांबूला फांदोऱ्याचं लाकूड नसतं, गाठी असतात. पण कायद्यानं झाड म्हटलं की तोडायला परवानगी लागते आणि वाहून न्यायला पास लागतो. गावकऱ्यांना थोडाबहुत बांबू, सरपण, काटे आणायची जी मुभा राहिली तिला निस्तार म्हणतात. जमीनदारी गेल्यावर १९५० नंतर या निस्तार हक्कांच्या नोंदी गावोगाव झाल्या. कागदावर हक्क होता. प्रत्यक्षात डोक्यावर बांबूचा भारा घेऊन येणाऱ्या बाईनं वाटेत कोण भेटलं तर काय दिलं, कोंबडी की अंडी, हे तुमच्या आईला विचारा. आम्ही विचारलं. ती उत्तरं इथं सांगण्यासारखी नाहीत.

त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे ट्रक भरभरून जात होता. कारखान्याची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. आपण शाळेत ज्या वह्या लिहिल्या, त्यातल्या कितीतरी आपल्याच डोंगरातल्या असतील.

ही गाठ सुटली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनउपज म्हटलं. २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास वनविभागाचाच, आणि तो मिळेना. गावानं चिकाटी सोडली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. आपल्या बांबूचा पास आपणच फाडायचा! देशात बातमी झाली. पुढं २०१७ मध्ये वन कायदाही बदलला आणि जंगलाबाहेर, आपल्या शेतात-बांधावर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षांनी सरकारला कळलं की बांबू गवत आहे. असो.

म्हणजे आज कोणी आपल्या आवारात, बांधावर कटांग-मानवेल लावला, तोडला, विणला तर तिला कोणाला कोंबडी द्यायची गरज नाही. आपल्या आज्यांना हे सुख नव्हतं. आणि नेमकं आत्ता आपण बांबूचं कुंपण मागासलेलं समजून तारेची जाळी आणि सिमेंटचे खांब घेतोय, तेही गटाचं कर्ज काढून. हे आम्हाला पटत नाही, हे उघडच सांगतो. ज्यांना दरवर्षी विणायचा कंटाळा आहे त्यांनी बांबू काही दिवस पाण्यात भिजत ठेवून मग वाळवावा, घुण कमी लागतो. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावावं. खांब जास्त टिकतो.

आता त्या गेरू-चुन्याकडे वळू.

इंग्रज साहेब जिल्ह्यात आला तेव्हा त्यानं बंगला बांधला, जंगलात विश्रामगृहं बांधली. त्याच्या घरासमोरची जागा वेगळी होती. तिथं धान उतरत नव्हतं, कोणी मोहफुलं वाळवत नव्हतं. ती नुसती बघायची जागा होती आणि येणाऱ्या माणसानं थोडं दबून यायची जागा होती. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत लाल मुरुमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड, कुंड्या, कमानीवर वेल. झाडांना चुना फासलेला. कंपाउंड हा शब्द आपण त्यातूनच घेतला. गंमत अशी की बरेच कोशकार म्हणतात, इंग्रजांनी तो मलय भाषेतल्या कंपोंग या शब्दावरून घेतला, आणि कंपोंग म्हणजे वस्ती, गाव. गावाचा शब्द साहेबाकडे गेला आणि गावाला बाहेर ठेवणारी भिंत होऊन परत आला.

साहेब गेला, विश्रामगृह राहिलं. मग शाळा, दवाखाना, पंचायत, सगळीकडे तीच पद्धत गेली. सरकारी जागा सुंदर म्हणजे चुन्याचे दगड, असं आपल्या डोळ्यांना वळण लागलं. स्पर्धेची गुणपत्रिका लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर हेच चित्र होतं, आता कळतं.

साहेबाच्या बागेतूनच घाणेरी आली. ती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. युरोपात शोभेचं झाड म्हणून लोकप्रिय झाली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात तिला आणून लावलं. मग बंगल्या-बंगल्याच्या कुंपणाला ती गेली. तिची काळी बारीक फळं पक्षी आवडीनं खातात आणि बी जंगलात टाकतात. जनावर तिला सहसा तोंड लावत नाही, म्हणून ती वाचते. जिथं झाडं तुटली, जमीन उघडी पडली, आग लागली, तिथं ती आधी पोचते. तिच्याखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे हरणाला चारा नाही, आणि आपल्या गुरांनाही नाही. २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात निघालं की भारतात दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात तिनं पाय पसरलेत. आपला गडचिरोली जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्याही आत येतो. तसे दहा जिल्हे मांडा, मग अंदाज येईल. एका बागेतल्या शोभेच्या झुडपानं हे केलं, दोनशे वर्षांत.

आणि आजही ती शोभेची म्हणून विकली जाते, ठेंगणी, रंगीत. आमच्या ताईंनी ती विकतच आणली होती.

ती काढायची तर नुसती छाटून उपयोग नाही, दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटं खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, वाळू द्यायचं. फळं धरायच्या आधी. तोडलेल्या फांद्या गुराढोरांच्या वाटेत ठेवायच्या नाहीत. तिकडे कर्नाटकात मलै महादेश्वराच्या डोंगरातल्या आदिवासींनी तिच्या काड्या उकडून, सोलून खुर्च्या-टोपल्या करायला घेतल्या. आपल्याकडे बांबूची विणाई येणारे हात आहेत, करून बघायला हरकत नाही.

बाहेरून आलेलं सगळं वाईट, असं मात्र आम्ही म्हणत नाही. तसं म्हटलं तर आपल्या अंगणात उरेल काय? झेंडू मेक्सिकोचा. दसऱ्याला ज्याच्याशिवाय चालत नाही तो पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात इथं आला. जांब, सीताफळ, पपई, मिरची, सगळी तिकडचीच. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्कर बेटावरची. सदाफुलीपासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध काढतात. ते दवाखान्यात, मोजून मापून देतात. घरी पानं चावून खायची नाहीत, विषारी असतात. कण्हेरीचंही तसंच, लहान लेकरू रांगत असेल त्या घरी फाटकाजवळ कण्हेर नको. आणि ज्या उंच, सरळ झाडाला आपण अशोक म्हणून दारात जोडीनं लावतो तो सीतेचा अशोक नव्हे. खरा अशोक निराळा, केशरी-लाल गुच्छांचा. हे कळल्यावर आमच्या एका सखीला फारच वाईट वाटलं. तिनं दारात चार लावलेत.

या सगळ्यांत एका वेलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोगनवेल. आपल्या उन्हाला, आपल्या पाण्याच्या टंचाईला टिकणारी, गुलाबी कागदासारख्या फुलांची काटेरी वेल. ती ब्राझीलची. १७६६ मध्ये बोगनव्हील नावाच्या फ्रेंच कप्तानाची पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम निघाली, त्यात कोमेर्सोन नावाचे वनस्पतीतज्ज्ञ होते. त्यांच्याबरोबर एक मदतनीस पोरगा होता. कोमेर्सोन यांचा पाय दुखरा, चालवेना. म्हणून डोंगर चढणं, ओझी वाहणं, झाडं गोळा करणं, दाबून वाळवणं ही कामं बरीचशी तो पोरगाच करायचा. १७६७ मध्ये रिओ या बंदरात ही वेल मिळाली आणि कप्तानाचं नाव तिला दिलं गेलं. पुढल्या वर्षी ताहिती बेटावर उघड झालं की तो पोरगा नाही, बाई आहे. तिचं नाव जान बारे. शेतमजुरांच्या घरची, १७४० मध्ये जन्मलेली. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायांना मनाई होती, म्हणून ती छाती बांधून, पुरुषाचे कपडे घालून चढली होती. १७७५ च्या सुमारास ती मायदेशी परतली, तेव्हा पृथ्वीला फेरी घालणारी पहिली स्त्री ठरली. पुढं सरकारनं तिला निवृत्तिवेतनही दिलं. पण झाडांना नावं मिळाली ती कप्तानाची आणि साहेबांची. २०१२ मध्ये, म्हणजे दोन-अडीचशे वर्षांनी, वांग्या-टोमॅटोच्या कुळातल्या एका वनस्पतीला तिचं नाव दिलं गेलं.

आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "म्हणजे भारा तिचा अन् पास त्याचा." मेंढ्याची गोष्ट त्यांना आधीच सांगून झाली होती.

मोहाबद्दलही कायद्याचं तसंच. मोहाचं झाड दारात असणं म्हणजे आपल्याकडे बँकेत पैसा असण्यासारखं. फुलं रात्री उमलतात, पहाटे गळतात. उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि डुकरं खातात. त्यासाठी बाया अंधारात जंगलात जातात, वाकून वेचतात, आणि वाघाचे हल्ले त्याच वेळी होतात. आपल्या जिल्ह्यांत ही दर उन्हाळ्याची बातमी आहे. ज्यांच्या आवारात मोह आहे त्यांना हा धोका पुष्कळ कमी. झाडाखाली पाचोळा जाळण्याऐवजी जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात, आग जंगलात जात नाही.

पण ही फुलं अंगणात वाळत घालणं हाही गुन्हा होऊ शकत होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलं साठवण्यावर, नेण्यावर बंधनं होती, कारण त्यांची दारू होते. आपल्या आयांची यात मोठी कोंडी झाली. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती बायांच्या आणि गावांच्या मोठ्या चळवळीमुळे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली तीही बाया पायी चालल्या म्हणून, जरी ती २०२१ मध्ये उठली. म्हणजे दारू नको म्हणून मोर्चात चालणाऱ्या आपणच, आणि फुलं वाळवणाऱ्याही आपणच. फूल आणि दारू यांत फरक आहे, हे बायांना कळत होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं वेचण्या-साठवण्या-नेण्यावरची बंधनं उठवली. आता काही गट लाडू करतात, सरबत करतात. फुलं वाळवायला मात्र सारवलेलं, उन्हाचं, स्वच्छ अंगणच लागतं.

गावाच्या स्वच्छतेची गोष्ट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना सोडून सांगता येत नाही. चिमूर तालुक्यातली गोंदोडा ही त्यांची तपोभूमी. १९५५ ची त्यांची ग्रामगीता आपल्या घराघरांत आहे. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं खराटे घेऊन निघालेली आपण लहानपणी पाहिली. पुढं २०००-०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं. गावं खरंच बदलली, हे मान्य करायलाच हवं. पण तपासणीच्या आदल्या रात्री चुना फासायची सवयही तेव्हाच लागली. आमची स्पर्धा त्याच सवयीची नात.

एक जागा मात्र वेगळ्या रीतीनं आखली गेली. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेचं शोधग्राम आहे. तिथलं रुग्णालय बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते. मोठी इमारत, पांढरे कपडे, नातेवाइकांना थांबायला जागा नाही, अशी उत्तरं आली. म्हणून दवाखाना गावासारखा झाला: झोपड्यांसारखी घरं, बरोबर आलेल्या माणसांना राहायला जागा, आणि नाव दंतेश्वरी देवीचं. म्हणजे डॉक्टरांनी पेशंटला अंगण दिलं. राणीताईंचं 'गोईण' हे पुस्तकही मिळालं तर वाचा. आपल्याकडच्या झाडांबद्दल आदिवासी बाया काय जाणतात, ते त्यात आहे.

आम्ही आजींना आधी विचारलं असतं तर गुणपत्रिका वेगळी झाली असती. आता घरकुलं झाली. २०१६ पासूनच्या योजनेत घर २५ चौरस मीटरचं. पक्कं आहे, गळत नाही, चांगलंच आहे. पण एवढ्याशा घराला अंगण आणखीच मोठं लागतं, आणि नेमकं तेच उरलेल्या सिमेंटनं झाकून टाकायची घाई होते. चिखल होतो, हे खरं. त्यासाठी दारापुढं दोन-तीन हातांची फरशी पुरते, बाकी माती मोकळी ठेवता येते. न्हाणीचं पाणी चरातून मांडवाच्या वेलाला जाईल असा उतार दिला की चिखलही जातो आणि दोडकेही येतात.

यंदा स्पर्धा घ्यायची की नाही यावर दोन बैठका झाल्या. काहीजणी म्हणाल्या, बंदच करा. ज्या ताईंची शेळी गेली त्याच म्हणाल्या, नाही, घ्या. म्हणून नवा कागद तयार झालाय, आणि तो आम्ही एकट्यांनी लिहिला नाही. मांडवाला पंधरा गुण आहेत. बांबूच्या किंवा जिवंत काट्याच्या कुंपणाला पंधरा, घाणेरी आणि बेशरम असेल तर दहा वजा. सांडपाणी कुठं जातं त्याला वीस. घराजवळ दडण घेण्याजोगी झुडपं नसतील तर दहा. मोह, चिंच, जांब, शेवगा, जे असेल त्याला गुण. फुलझाडांना दहा, कुठलीही, फक्त विषारी नको. रांगोळीचे पाच वरून दहा केले, याला सगळ्यांनी हात वर केले. गेरू-चुना राहू द्या म्हणून दोघीजणी अडून बसल्या, त्यांना तो दिसायला आवडतो. त्याला पाच गुण राहिले.

तपासायला कोण जाणार, यावर अजून ठरायचं आहे. आजींचं नाव सुचवलं तर त्या म्हणाल्या, मोहाचा हंगाम संपल्याशिवाय त्यांना वेळ नाही. म्हणून स्पर्धा मे महिन्यात ढकलली आहे. ज्या गटांना नाव द्यायचं असेल त्यांनी एप्रिलच्या मासिक बैठकीत द्यावं, आणि ज्यांच्या कुंपणाला घाणेरी आहे त्यांनी आधी सांगावं. काढायला आम्ही कुदळ घेऊन येऊ.